शत्रूचा सैनिक, बिनपहाऱ्याचा: ऑस्ट्रेलियातल्या शेतांवर राबलेले इटालियन युद्धकैदी

प्रश्न थोडक्यात असा. व्हिक्टोरिया राज्यात शेपर्टनच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी बाईंनी विचारलंय. त्यांच्या शेजारी पिढीजात फळबागवाल्यांचं कुटुंब आहे. त्यांच्याकडे १९४४ ते ४६ या काळात एक इटालियन युद्धकैदी कामाला होता. मागच्या खोपटात राहायचा, पोरांना खांद्यावर घेऊन बागेत हिंडायचा, पहारेकरी वगैरे कुणी नव्हता. घरात अजून त्याचा उल्लेख ‘आमचा इटालियन’ असाच होतो. आजोबांना त्याचं पाळण्यातलं नाव तेवढं आठवतं. बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत: सरकारने शत्रूचा सैनिक असा मोकळा सोडलाच कसा, तो सांगतात तेवढा खुशीत होता का, आणि आता त्याचा माग लागेल का.

मी इथल्या युद्धकैद्यांच्या कागदपत्रांत बरीच वर्षं काढली आहेत, त्यातली बहुतेक इटालियन कैद्यांच्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पहिल्याचं रंजक आहे, आणि दुसऱ्याचं तुमच्या शेजाऱ्यांना फारसं रुचणार नाही. आधी ही माणसं इथवर आली कशी ते सांगतो, कारण त्या वाटेत मुंबई लागते.

डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या जेमतेम दोन महिन्यांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात इटलीची दहावी आर्मी पार कोसळली. सिदी बर्रानी, बार्दिया, तोब्रुक, बेडा फोम अशी एकामागून एक ठाणी पडत गेली आणि सव्वा लाखाच्या वर सैनिक ब्रिटिश, हिंदी व ऑस्ट्रेलियन फौजांच्या हाती लागले. तोवर पूर्व आफ्रिकेतही इटलीचं साम्राज्य खिळखिळं झालं होतं. एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मार्च १९४१ मध्ये जी निकराची लढाई झाली, तीत आपल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांच्या बागेतला तो माणूस सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या जवानापुढे हात वर करून उभा राहिला असणं अगदीच अशक्य नाही.

एवढ्या माणसांना इजिप्तमध्ये ठेवणं ब्रिटिशांना झेपणारं नव्हतं. पाणी, धान्य, तंबू, पहारेकरी सगळ्याचीच ओढाताण, आणि समोरून जर्मन सेनापती रोमेल आलेला. मग कैद्यांची साम्राज्यभर वाटणी सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ झोंडरवॉटर नावाची प्रचंड छावणी उभी राहिली. केनियात कैद्यांनी रस्ते बांधले. नैरोबीहून नैवाशाकडे उतरणाऱ्या घाटात त्यांनी बांधलेलं छोटं चर्च अजून आहे. ब्रिटनमध्ये १९४१ च्या उन्हाळ्यात पहिली तुकडी खास शेतीकामासाठी नेली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तिथली संख्या दीड लाखाच्या घरात पोचली. अमेरिकेत पन्नास हजारांच्या आसपास गेले. हिंदुस्थानात साठ हजारांहून जास्त आले. मुंबईच्या गोदीत उतरवायचे, तिथून आगगाडीने बंगळूर, भोपाळजवळचं बैरागढ, डेहराडून, कांगड्यातलं योल अशा छावण्यांत.

हिंदुस्थानात त्यांना काम मात्र जवळजवळ नव्हतं. शेतमजुरांचा तुटवडा नाही, आणि गोरा माणूस उघड्यावर खड्डे खणतोय हे दृश्य काळ्या रयतेला दाखवणं राज्यकर्त्यांना परवडणारं नव्हतं. कैद्यांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं तारेच्या आत बसून पत्ते कुटले, नाटकं बसवली, मलेरियाने लोळले. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांना कैदी आल्या आल्या एवढे कामसू का वाटले, याचं एक कारण इथे आहे. माणूस तीन वर्षं रिकामा बसला की त्याला नांगरसुद्धा सुटका वाटते.

ऑस्ट्रेलियात पहिले इटालियन कैदी मे १९४१ मध्ये ‘क्वीन मेरी’ जहाजाने सिडनीला आले, सुमारे दोन हजार. त्यांची रवानगी न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, ‘हे’ (Hay) नावाच्या गावाच्या छावणीत झाली. त्या वर्षी सगळे मिळून पाचेक हजार आले. उरलेले, म्हणजे बहुसंख्य, १९४३ पासून पुढे हिंदुस्थानातल्या छावण्यांतून निवडून आणले. एकूण आकडा १८,४२० धरतात.

निवडून म्हणजे कसे? शरीराने धडधाकट, शेतीची माहिती असलेले आणि डोक्यात फॅसिस्ट वारं नसलेले. हे तीन निकष कागदावर फार छान दिसतात. प्रत्यक्षात छावणीतून बाहेर पडायची संधी म्हटल्यावर न्हावी, शिंपी, पाववाला सगळ्यांनीच धंद्याच्या रकान्यात ‘शेतकरी’ लिहून घेतलं. त्यामुळे फॉर्मवर शेतकरी असलेला तुमचा माणूस त्याच्या गावी खरोखर शेती करत होता, असं धरून चालू नका.

आता पहारा. ऑस्ट्रेलियाची तेव्हाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास. तरणी माणसं सैन्यात किंवा कारखान्यात, आणि पॅसिफिकमधल्या अमेरिकन फौजेलाही इथूनच धान्य, मांस, भाजीपाला जायचा. १९४२ मध्ये शेतीकामासाठी बायकांची लँड आर्मी उभी केली, तरी माणसं पुरेनात. कैद्यांना टोळ्यांनी काम देऊन पाहिलं: छावणीतला भाजीपाला, जंगलात लाकूडतोड, नलारबॉरच्या ओसाड पठारावर कुक नावाच्या स्टेशनाशी रेल्वेरुळांची डागडुजी. पण जिथे टोळी तिथे बंदूकवाले शिपाई हवेत, त्यांना तंबू, स्वयंपाकी, गाडी हवी. म्हणजे दहा मजूर मिळवायला तीन-चार सैनिक अडकवायचे. हा हिशेब कुठल्याही वाण्याला नापास करता आला असता.

मग १९४३ च्या मध्यापासून वेगळाच प्रयोग सुरू झाला. एखाद्या तालुक्याच्या गावी सैन्याचं एक छोटं कार्यालय उघडायचं. सरकारी नाव ‘प्रिझनर ऑफ वॉर कंट्रोल सेंटर’, आणि त्यापुढे चक्क ‘बिनपहाऱ्याचं’ असं जोडलेलं. एक अधिकारी, एक-दोन सार्जंट, दुभाषा, ड्रायव्हर, कारकून, एवढी मूठभर माणसं. त्यांच्या अखत्यारीत आसपासच्या शेतांवर विखुरलेले शंभर-दोनशे कैदी. अर्ज केलेल्या शेतकऱ्याला साधारण एक ते तीन कैदी मिळायचे. राहायची जागा आणि जेवण शेतकऱ्याने द्यायचं, कपडे आणि औषधपाणी सैन्याने. दर कैद्यामागे आठवड्याला एक पौंड शेतकऱ्याने सरकारजमा करायचा. त्यातून कैद्याच्या खात्यावर दिवसाला साधारण सव्वा शिलिंग पडायचा, आणि तोही रोख हातात नाही. ठरावीक दिवशी कार्यालयाची कँटीनची गाडी शेताशेतावर फिरायची. तिच्यातून तंबाखू, दाढीचा साबण, लिहायचे कागद घ्यायचे आणि रक्कम खात्यातून वळती व्हायची. कैद्याच्या खिशात चलनी पैसा सापडला तर तो गुन्हा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या पैशांतच आहे. सरकारचा पहाऱ्याचा खर्च वाचला, शेतकऱ्याला स्थानिक गड्याच्या मजुरीच्या मानाने स्वस्तात माणूस मिळाला, कैदी तारेच्या बाहेर पडला. तिघांनाही ही व्यवस्था टिकायला हवी होती. विश्वास वगैरे नंतर आला, जिथे आला तिथे.

उरलेलं उत्तर भूगोलाचं. पळून जायचं तर कुठे? चहूकडे समुद्र. अंगावरचा सैन्याचा जुना गणवेश मुद्दाम गडद तांबड्या-जांभळट रंगात बुडवलेला, म्हणजे एक फर्लांगावरून कळावं. भाषा येत नाही, पैसा नाही, गाडीत चढायची परवानगी नाही. तरी काही जण पळालेच. बहुतेक दोन-चार दिवसांत, भूक लागली की, सापडले किंवा आपणहून हजर झाले. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पळण्याची शिक्षा शिस्तभंगाएवढीच होती, कोठडी जास्तीत जास्त तीस दिवस. इथल्या फॉर्मांवर अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी पुष्कळ दिसतात. खरी शिक्षा त्यानंतरची: शेत सुटायचं, परत तारेच्या आत.

आणि ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, ऑक्टोबरात तर इटलीने उलट जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. साध्या शिपायाने मग पळून जाऊन कुणाच्या बाजूने लढायचं? ब्रिटनमध्ये १९४४ पासून सहकार्य करायला तयार असलेल्या इटालियनांचा वेगळा वर्ग केला, त्यांच्या बाहीवर ‘इटली’ लिहिलेली पट्टी आली, थोडी मोकळीक वाढली. पण सुटका कुणाचीच झाली नाही. युद्धात बाजू बदलूनही हे लोक कैदीच राहिले, ही विचित्र गोष्ट तेव्हाही अनेकांना खटकली होती.

न्यू साउथ वेल्समधल्या काउराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ५ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे तिथल्या छावणीतून जपानी कैद्यांनी सामूहिक उठाव करून तारा ओलांडल्या. २३१ जपानी आणि ४ ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. त्याच छावणीत इटालियनही होते, वेगळ्या कुंपणात. ते त्यात पडले नाहीत. या एका रात्रीमुळे ‘इटालियन म्हणजे गरीब बिचारे’ हे मत इथे फारच घट्ट झालं आणि आजतागायत हटलेलं नाही. पण सगळे तसे नव्हते. शेतावर जायला साफ नकार देणारे कट्टर फॅसिस्ट होते, त्यांना वेगळं ठेवावं लागे. अधिकाऱ्यांना तर करारानेच कामाला लावता येत नव्हतं. व्हिक्टोरियात मर्टलफर्डला त्यांची छावणी होती.

एक तिढा इथेच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जिनिव्हा कराराच्या कलम ३१ नुसार कैद्यांना लष्करी कारवाईशी थेट संबंध असलेलं काम देता येत नाही. मग ज्या शेतातलं धान्य फौजेच्या पोटात जातं तिथलं काम चालतं का? सर्वच देशांनी ‘चालतं’ असं धरलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर इटालियन कैद्यांनी मात्र, आरमारी तळ सुरक्षित करणारे समुद्रातले बांध आम्ही घालणार नाही, म्हणून काम थांबवलं होतं. शेवटी ते बांध म्हणजे बेटांना जोडणारे रस्ते आहेत, असं सांगून त्यांची समजूत घातली. शेतीत ही पळवाट शोधायचीही गरज पडली नाही, कारण जेवण सगळ्यांनाच लागतं.

आणि शेपर्टनमध्ये राहताय म्हणून आणखी एक. जे सरकार इटालियन सैनिकांना असं शेतकऱ्यांच्या घरी पाठवत होतं, त्याच सरकारने इटली युद्धात उतरल्यावर ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं राहणाऱ्या चार हजारांहून जास्त इटालियन रहिवाशांना नजरकैदेत टाकलं होतं. त्यात क्वीन्सलंडचे उसाचे शेतकरी पुष्कळ. बार्दियात बंदूक चालवलेला माणूस सफरचंदं तोडतोय, आणि वीस वर्षं इथे ऊस पिकवणारा, ज्याची पोरं इथल्या शाळेत, तो तारेच्या आत. सुरक्षेचं कारण खरं असतं तर नेमकं उलट व्हायला हवं होतं. मजुरांची निकड होती म्हणून सैनिक एकाएकी निरुपद्रवी ठरला, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

आता तो खुशीत होता का?

तुमच्या शेजाऱ्यांच्या आठवणी खोट्या नाहीत. अशा शेकडो घरांतून त्याच गोष्टी ऐकू येतात: दोरीवर वाळत घातलेल्या शेवया, सशांचे आणि चिमण्यांचे फासे, वेताच्या टोपल्या, चांदीच्या फ्लोरिन नाण्याला ठोकून केलेली अंगठी, लपवून लावलेली दारूची भट्टी. खाण्याचे वाद तर घरोघर. सकाळ-दुपार-संध्याकाळ मेंढीचं मटण पाहून माणसं कंटाळायची. त्यांना पाव, कांदा, लसूण, टोमॅटो, तेल हवं. सैन्याने शेतकऱ्यांना तशी सूचनाही दिली होती, की यांना मांस कमी आणि पीठ-भाजी जास्त द्या. शहाण्या शेतकरणींनी घरामागचा जमिनीचा तुकडा त्यांच्या हवाली केला आणि पुढच्या हंगामात स्वतःच वांगी खायला शिकल्या.

पण ही गोष्ट आपल्यापर्यंत कुणी पोचवली ते बघा. आज बोलणारे तेव्हा पाच-दहा वर्षांचे होते. मुलांना खेळणी करून देणारा परका काका आठवतो. रात्री तो खोपटात एकटा काय करत होता, हे त्या वयात कळत नाही. दुसरे सांगणारे म्हणजे पुढे स्थलांतर करून परत आलेले कैदी. ज्याला इथे बरं वाटलं तोच परतला. ज्याला कुत्र्यासारखं वागवलं, जो आंगठ्याएवढ्या तक्रारीवरून कोठडीत गेला, तो कालाब्रियातल्या आपल्या गावी गेला आणि गप्प बसला. त्याची मुलाखत घ्यायला कुणी गेलं नाही. म्हणून या विषयावर गोड आठवणींचं पारडं कायम जड असतं, आणि मी त्यावर अर्धाच विश्वास ठेवतो.

उरलेला अर्धा कागदांत सापडतो. तिथला एखादा फॉर्म कसा असतो ते सांगतो. पुढचा नमुना अनेकांच्या नोंदी मिळून केलेला आहे, एका माणसाचा नाही. वर क्रमांक, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव. पकडल्याचं ठिकाण: बार्दिया, ४.१.४१. त्याखाली रकाने आणि तारखा. हिंदुस्थानातून आला, मेलबर्न. व्हिक्टोरियातल्या मर्चिसन छावणीत दाखल. पंधरवड्याने अमुक कंट्रोल सेंटरला रवाना. तीन महिन्यांनी दंतवैद्य. मग इस्पितळ, अकरा दिवस, कारण लिहिलेलं नाही. परत सेंटर. मग एकदम ‘मर्चिसन’, आणि पुढे शिक्षा: अठ्ठावीस दिवस, कामास नकार. त्यानंतर दुसरं सेंटर, दुसरा जिल्हा. शेवटी जहाजाचं नाव. बस. ‘कामास नकार’ या दोन शब्दांच्या मागे काय घडलं? शेतकऱ्याने रविवारीही राबवलं असेल; करारात आठवड्याला चोवीस तासांची सुट्टी लिहिलेली आहे. किंवा घरून पत्र आलं असेल, किंवा आठ महिने आलंच नसेल. फॉर्म सांगत नाही. पण एकाच शेतावर दोन वर्षं राहिलेल्याचा फॉर्म आणि चार सेंटरं फिरलेल्याचा फॉर्म शेजारी ठेवले, की आमचा इटालियन आणि कुणाचाच नसलेला इटालियन यांतला फरक दिसतो.

पत्रांचं दुःख सगळ्यांना सारखं होतं. आठवड्याला ठरलेली एक-दोन पत्रं, छापील कागदावर, सेन्सॉर होऊन, पोचायला महिनोन्‌महिने. आणि १९४३ नंतर तर युद्ध त्यांच्याच अंगणात पोचलं होतं. इटलीत जिथे तुंबळ लढाई चालली त्या कासिनोच्या परिसरातला माणूस व्हिक्टोरियात नाशपाती तोडत होता आणि त्याच्या गावाचं काय झालं हे त्याला ठाऊक नव्हतं.

बायकांशी संबंध ठेवायला सक्त मनाई होती, शिक्षाही होत. मनाई होती म्हणजे काहीच घडलं नाही असं नाही. इथली काही कुटुंबं आज माझ्यासारख्याकडे येतात ती डीएनए चाचणीचा निकाल हातात घेऊन. या बाबतीत मी फार बोलत नाही, कागद काढून देतो.

सगळ्यात कडू भाग युद्ध संपल्यानंतरचा आहे. जपान सप्टेंबर १९४५ ला शरण आला. बहुतेक इटालियन कैदी इथून हलले १९४६ च्या अखेरीस आणि १९४७ च्या सुरुवातीला. जहाजं नाहीत हे सरकारचं कारण खरं होतं. आधी आपले सैनिक घरी आणायचे होते. पण तोवर दोन हंगामांची फळंही निघाली, हेही खरं. पाच-सहा वर्षं कैदेत काढलेली माणसं, स्वतःचा देश मित्रराष्ट्रांच्या बाजूला जाऊन तीन वर्षं झालेली, तरी सुटका नाही. ३० मार्च १९४६ ला मेलबर्नजवळच्या रोव्हिल छावणीत एका इटालियन कैद्याला छावणीच्या प्रमुखानेच गोळी घातली, तो मेला. लढाई संपून सात महिने होत आले होते. तुमच्या भागात ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

परतीच्या वेळी काही शेतकऱ्यांनी सरकारला अर्ज केले, की आमचा माणूस आम्हाला इथेच ठेवू द्या. सरकार बधलं नाही. आधी इटलीत जा, कैदी म्हणून सुटा, मग हवं तर स्थलांतरित म्हणून अर्ज करा. काही जण जहाज सुटायच्या आधी पसार झाले. बरेच खरोखर परत आले, जुन्याच मालकाने जामीन राहून बोलावलेले. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलिया-इटली स्थलांतर करार झाल्यावर वाट आणखी सोपी झाली. शेपर्टन-मिल्डुराच्या बाजूला आज जी इटालियन आडनावं दिसतात त्यातली सगळी या वाटेने आलेली नाहीत, पण काही नक्की आहेत.

आणि काही परत गेलेच नाहीत. तुमच्यापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मर्चिसन गावाच्या कबरस्तानात दगडी अस्थिगृह आहे. १९५६ च्या पुरात कैद्यांच्या कबरींचं नुकसान झालं, तेव्हा इथल्या इटालियन समाजाने वर्गणी काढून ते उभारलं, १९६१ मध्ये पुरं झालं. ऑस्ट्रेलियात मेलेल्या १३० इटालियन कैद्यांच्या आणि नजरकैद्यांच्या अस्थी तिथे आहेत. दर नोव्हेंबरात प्रार्थना होते. शेजारच्या आजोबांना एकदा घेऊन जा.

आता शोध. पाळण्यातलं नाव आणि शेताचं ठिकाण एवढ्यावर माणूस सापडतो, फक्त क्रम चुकवू नका. पहिल्यांदा घरातलेच कागद धुंडाळा. कंट्रोल सेंटरला भरलेल्या पैशांच्या पावत्या शेतकऱ्यांनी जपून ठेवलेल्या असतात, आणि त्यांवर कैद्याचा क्रमांक असतो, पीडब्ल्यूआय या अक्षरांनी सुरू होणारा. फोटोंच्या मागे बघा. त्याने केलेल्या कुठल्याही वस्तूच्या तळाशी, झाकणाच्या आत बघा. नाव नाही तरी गावाचं नाव, वर्ष, आद्याक्षरं कोरलेली असतात. क्रमांक मिळाला तर निम्म्याहून जास्त काम झालं.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय अभिलेखागार. एमपी ११०३/१ या मालिकेत वर सांगितले ते हालचालींचे फॉर्म आहेत, आणि एमपी ११०३/२ मध्ये प्रत्येकाचं कार्ड, ज्यावर फोटो आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव मिळू शकतं. बरेच स्कॅन झालेले आहेत, घरबसल्या पाहता येतात. शोधताना एक करा: ऑस्ट्रेलियन कारकुनाने इटालियन नाव कसं ऐकलं असेल ते डोक्यात धरा. दुहेरी व्यंजनं गळतात, नाव आणि आडनाव अदलाबदल होतात, ‘दी’ आणि ‘देल्ला’ कधी जोडलेले कधी तोडलेले. मी नेहमी आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि जन्मवर्ष एवढ्यावर सुरुवात करतो.

नाव मिळतच नसेल तर उलट्या बाजूने जा. तुमच्या भागातलं कंट्रोल सेंटर कोणतं ते ठरवा. ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर १९४४-४५ ची स्थानिक वर्तमानपत्रं आहेत, त्यांत शेतकरी संघटनांच्या बैठकींच्या बातम्यांमध्ये हा विषय हटकून येतो. ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे मर्चिसन, काउरा इथल्या कैद्यांचे सामूहिक फोटो आहेत, १९४४-४५ मध्ये काढलेले, आणि बऱ्याच फोटोंखाली रांगेनुसार नावं व क्रमांक दिलेले आहेत. आजोबांना ते मोठ्या पडद्यावर दाखवा, पण खालची नावं झाकून. नाव आधी वाचलं की चेहरा ‘आठवतो’. मग त्या ओळखीला अर्थ राहत नाही.

इटलीतलं टोक दोन जागी उघडतं. त्याच्या प्रांताच्या शासकीय अभिलेखागारात सैन्यभरतीची नोंदवही असते. तीत पकडला कधी आणि परतला कधी हेही सापडतं. आणि त्याच्या गावाच्या नगरपालिकेत जन्म-लग्नाच्या नोंदी. पत्र इटालियनमध्ये लिहा, छोटं लिहा, सोबत त्याच्या कार्डावरचा फोटो जोडा. कोरड्या चौकशीला महिनाभर उत्तर न देणारं कार्यालय फोटो पाहून लगेच फोन करतं, हा माझा अनुभव आहे. नातवंडं सापडली तर एकदम सगळं पाठवू नका. शिक्षेच्या, इस्पितळाच्या नोंदी विचारूनच द्या. घरी त्याने काय सांगितलं होतं आणि काय नाही, हे आपल्याला माहीत नसतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की तुमचे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते आणि ‘इटलीत कैदेत होते म्हणे’. ते सहज सोडू नका. २१ जून १९४२ ला तोब्रुक परत जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं तेव्हा पाचव्या मराठाची दुसरी बटालियन आत होती आणि तिच्यातले बहुतेक जवान कैद झाले. हिंदी कैद्यांसाठी इटलीत अब्रुत्सो भागातल्या आव्हेत्सानो इथे खास छावणी होती. म्हणजे इटलीचा शेतकरी व्हिक्टोरियात आणि साताऱ्याचा शेतकरी अब्रुत्सोच्या डोंगरात, एकाच वेळी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला लिहा, आणि जिनिव्हातल्या रेड क्रॉसच्या अभिलेखागारातही अर्ज करा. तिथे अर्ज वर्षातून ठरावीक वेळीच उघडतात आणि मर्यादा भरली की बंद होतात, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा. अर्जात त्यांचा पलटणीतला क्रमांक, वडिलांचं नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका लिहा, आणि आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं सुचतील तेवढी द्या. क्रमांक घरात नसेल तर पेन्शनच्या जुन्या पुस्तकात नाहीतर पदकांच्या कडेवर बघा.